लाँचीचा दिवा आणि पत्र्याची आगगाडी

बॅटरी चार्ज करायच्या दुकानातला आंबूस वास आला की मी मालवणच्या आमच्या माजघरात जाऊन उभी राहते. साठ सालानंतरचा कुठलासा श्रावण. लाँच किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, तिची बारा व्होल्टची बॅटरी घरात खाटेखाली. मुंबईच्या मामाने धाकट्या वसंताला सहा व्होल्टची आगगाडी आणली होती, पण तिचे सेल संपले होते.

"ताये, बॅटरीक लाव गो!"

"सरळ लावलंय तर मोटर जळतली. मधी दिवो घालूया, तो अर्धो जोर खाता."

लाँचीचा दिवा मी तारेत मधे जोडला. गाडी धावू लागली, दिवा मंद तांबूस. गाडी कुठे अडली की दिवा झगझगीत पेटे आणि मोटर वाचे. वसंता टाळ्या पिटत होता.

तेवढ्यात दारात बाबा. "समुद्राक नारळ देऊच्या आधी लाँचीचो दिवो कोणी पेटवलो?"

नारळी पौर्णिमेआधी लाँचीचा दिवा पेटवणं आमच्याकडे अशुभ मानत. मी गप्प राहिले. मार वसंताने खाल्ला. त्याच हंगामात लाँच खडकावर फुटली आणि घराने तो दोषही त्याच्याच माथी मारला. वसंताने माझं नाव कधी घेतलं नाही.

त्या गप्प बसण्याची लाज मला मरेपर्यंत राहील. दिव्याची मात्र नाही. लाँच खडकाने फोडली; दिव्याने फक्त एक मोटर वाचवली.

वसंता अजून नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर येत नाही. यंदा त्याला हाताला धरून नेणार आहे. आणि नारळ सोडण्याआधी, सगळ्यांदेखत, किनाऱ्यावरच्या एका लाँचीचा दिवा मी पेटवणार आहे.