सहा ज्यू कबरींची मोजणी

“साहेब, दगड सहा आहेत. पण हद्दीचे नाहीत. कबरी आहेत,” मी सावली तालुक्यातल्या एका गावाबाहेरून फोनवर ऑफिसातल्या साहेबांना सांगत होतो.

मी तेव्हा भूकरमापक होतो. म्हणजे सरकारतर्फे जमीन मोजणारा. ग्रामपंचायतीला तिथं आठवडी बाजाराचं शेड बांधायचं होतं. कागदावर जागा ‘पडीक’ होती. प्रत्यक्षात एका कबरीला वारूळ लागलेलं, एकीचे दोन तुकडे, एकीवर लोक कुऱ्हाडी घासत.

एका कबरीवरच्या वरच्या ओळीतली अक्षरं पाहून सरपंच म्हणाले, “तेलुगू दिसते.” ग्रामसेवक म्हणाले, “उर्दू.” ती हिब्रू होती, हे मला नंतर कळलं. खाली मात्र स्वच्छ मराठी होतं: ‘बेने इस्राएल. लाकूड डेपोचे कारकून एलिया यांची कन्या रिबका, वय चार वर्षे.’ बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. इंग्रजांच्या काळात नोकरीपायी इकडे आले असावेत.

“ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?” साहेबांनी विचारलं.

“नाही, साहेब.”

“मुस्लिम?”

“नाही.”

“मग फॉर्ममध्ये बसवणार कुठं? पडीक लिहा आणि या.”

माझी रिटायरमेंट तोंडावर आली होती. मी पडीक लिहायला पेन काढलंही. तेवढ्यात सत्तरी ओलांडलेल्या मैनाबाई विळा घेऊन आल्या आणि रिबकाच्या कबरीवरचं गवत कापायला बसल्या.

“बाई, हे तुमचे कोण?”

“कोणी नाई जी. माहा सासरा डेपोत होता. त्या बाबूची बदली झाली, तं जाताना त्याले म्हणे, पोरीकडं पाहजो. सासरा गेला, मंग मी पाहून राह्यली. आमच्यातबी मेलेल्याचा गोटा कोणी हलवत नाई.”

सरपंच मोबाइल पाहू लागले. मी पेन खिशात ठेवलं आणि टेप काढली.

एकेक कबर मोजून नकाशावर घेतली. पंचनाम्यात मैनाबाईंचा जबाब लिहिला, अंगठा घेतला. सरपंचांनी न वाचता सही केली. वाचलं असतं तर केली नसती.

ऑफिसात कॉम्प्युटरवरच्या धर्मांच्या यादीत ज्यू नव्हते. मी ‘इतर’ निवडलं. आता ‘इतर’ कबरी हलवायची परवानगी कोणत्या खात्यानं द्यायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फाइल तालुक्यातून जिल्ह्याला गेली, तिथून नागपूरला. कंटाळून पंचायतीनं शेड रस्त्यापलीकडे बांधलं. मला ‘अनावश्यक तपशील’ नोंदवल्याबद्दल मेमो मिळाला.

नव्या मोजणीदारांना मी एवढंच सांगतो: सरकारी कामात एखादी जागा वाचवायची असेल, तर ती कोणाची हे सिद्ध करत बसू नका. ती कोणत्याच खात्याची नाही, एवढं नीट नोंदवा.