गुनार्सच्या थडग्यावरचा लव्हाळा

वेल्ताने चाळीस वर्षं सरकारी रोपवाटिकेत पाइनची रोपं वाढवली. तिचा नवरा गुनार्स तशाच झाडांखाली, गावाबाहेरच्या दफनभूमीत, वाळूच्या उतारावर निजला होता. नऊ वर्षं दर शनिवारी ती दाताळं घेऊन जायची, थडग्यावरच्या वाळूत सरळ रेघा ओढायची आणि स्वतःच्या पावलांचे ठसे पुसत उलट्या पावली मागे यायची. रेघा ताज्या दिसल्या की त्या माणसाचं मागे कोणीतरी आहे, हे गावाला कळतं.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिचा खुबा गेला. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया ठरवली. मूलबाळ नव्हतं. पाऊस आला की उतारावरची वाळू वाहायची, आणि पाइनच्या कोरड्या सावलीत ना फुलं टिकायची ना हिरवळ. आपल्यामागे गुनार्सची जागा उघडी पडेल, या एकाच विचाराने तिची झोप उडाली होती.

त्या जंगलात एक लव्हाळा मात्र कोणी न लावता वाढायचा. पाण्याकाठचा नव्हे, बुटका, बारीक पानांचा, पाइनच्या मुळांशी मुकाट पसरणारा. सप्टेंबरात, जमिनीत ऊब असताना, वेल्ताने घरामागच्या रानातून तीन गड्डे काढले. प्रत्येक फुटव्याला मुळं राहतील असे ते सोडवले आणि थडग्यावर वीतभर अंतराने लावले.

"वहिनी, दादावर तण माजवणार आहेस का?" तिची नणंद आरिया कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"तण नाही गं. वाळू धरून ठेवेल ते."

"लोक म्हणतील, बायकोला दाताळं जड झालं."

"झालंच आहे."

आरिया हसली. तिला ती थट्टाच वाटली.

पुढच्या जुलैत थडग्यांचा सण, गावाने मिळून आपल्या मृतांना आठवण्याचा दिवस, आला, तेव्हा वेल्ता कुबड्यांवर होती, इस्पितळातून नुकतीच घरी आलेली. सगळं गाव फुलं घेऊन जमलं होतं. गुनार्सच्या थडग्यावर विंचरल्यासारखी नितळ वाळू होती. एक पान नव्हतं.

"तू इस्पितळात, मग मीच उपटलं सगळं," आरिया कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "दोन दिवस लागले बाई! काय घट्ट धरून बसलं होतं!"

वेल्ता बाकावर बसली. पाद्रीबाबांची प्रार्थना संपल्यावर तिने नणंदेला जवळ बोलावलं.

"आरिया, तू माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. आपण दोघी गेल्यावर इथे रेघा कोण ओढणार?"

आरियाने वळून बघितलं. शेजारच्या थडग्यावर पाइनची सुईसारखी पानं साचून नाव बुजलं होतं. तिने वाकून ती हाताने बाजूला सारली.

त्याच सप्टेंबरात लव्हाळा पुन्हा लावायला आरिया थडग्यापाशी गुडघ्यांवर बसून वाळू उकरत होती आणि वेल्ता बाकावरून सांगत होती.

"इतकं खोल नको, गुदमरेल."

"रोपांवर पण अशीच ओरडायचीस का?"

"रोपं उलटून बोलत नव्हती."

त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात वेल्ता गेली. गुनार्सशेजारच्या नव्या, उघड्या वाळूकडे आरियाला बघवेना. तिने भावाच्या थडग्यावरचे काही फुटवे सप्टेंबरची वाट न बघता जूनमध्येच काढून वहिनीच्या थडग्यावर लावले. निम्मे वाळले. सप्टेंबरात तिने त्यांच्या जागी नवे लावले. पुढचा सगळा उन्हाळा ती दर शनिवारी दफनभूमीतल्या हातपंपावरून झारीने पाणी वाहत होती. कोणी काही विचारलं तर सांगायची, "हे एवढंच वर्ष. मुळं धरली की पुढच्या वर्षी याला माझी गरज लागणार नाही."