सुतकात पेपर

सासऱ्यांना जाऊन चारच दिवस झालेत, आणि आमच्या घरची धाकटी सून आज पेपरला गेली.

भावकीत कुजबुज चालू आहे. म्हणून मीच लिहिते. मी थोरली सून. शिक्षण मॅट्रिक, देवाधर्माचं सगळं पाळणारी. त्यामुळं माझ्यावर तरी कुणी नास्तिकपणाचा आळ घेणार नाही.

सासऱ्यांना आम्ही दादा म्हणायचो. अर्धं आयुष्य दौलताबादच्या माळावर मेंढरांमागं गेलं. पाऊस रुसला, चारा संपला, कळप विकला आणि पुंडलिकनगरात आमच्याकडं राहायला आले.

तेव्हा समोर नवीन फ्लॅट उठत होते आणि गल्लीतले बोअर मात्र कोरडे पडले होते. सगळी मदार टँकरवर.

त्याच वर्षी माझी धाकटी जाऊ, छाया, लग्न होऊन आली. बारावी शिकलेली. पुढं शिकायची लई इच्छा.

मुकुंदवाडीच्या बाजूला एका संस्थेनं कम्युनिटी कॉलेज काढलं होतं. तिथं दोन वर्षं राज्यशास्त्र शिकायचं. मार्क आणि हजेरी नीट असली की पुढं थेट विद्यापीठात प्रवेश.

छायानं नाव घातलं. दादांनी विचारलं,
"पोरी, हे राज्यशास्त्र म्हंजी काय?"

"कुणी कुणाचं ऐकायचं अन् का ऐकायचं, त्याचा अभ्यास, दादा."

"मग त्यात शिकायचं काय? आपल्या घरात तुझ्या सासूचं ऐकायचं. झाला पेपर."

सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या.

पण उन्हाळा लागला आणि हसू आटलं. टँकर यायचा नेमका छायाच्या तासाच्या वेळेला. घरातले पुरुष कामावर. मला तेव्हा सातवा महिना, हंडा उचलायची मनाई. सासूबाईंचे गुडघे धरलेले. राहिली एकटी छाया.

रोज तास बुडायला लागले. मॅडमनी बोलावून सांगितलं, हजेरी भरली नाही तर विद्यापीठाचं विसरा.

छायानं घरी येऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या,
"पाणी आधी. राज्य मागून."

चूक त्यांचीही नव्हती. घरात पाणी नसलं की कसं होतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं.

छायानं पुस्तकं पिशवीत घालून पिशवी खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी टँकरचा हॉर्न वाजला तर दादाच उठले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात हंडे.

"अहो, कुठं निघालात? तिथं समद्या बायका असत्यात," सासूबाई म्हणाल्या.

"मग? मी काय त्यांना पाहायला चाललो व्हय? छाया, तू कॉलेजला जा."

आमच्यात म्हातारा माणूस बायकांच्या रांगेत हंडा घेऊन उभा राहत नाही. लोक काय म्हणतील, या भीतीनं सासूबाईंनी खिडकी लावून घेतली. मी ती जराशी उघडून बघत बसले.

तिथं नेहमीसारखी रेटारेटी. पाइप एक आणि ओढणाऱ्या दहा. अर्धं पाणी रस्त्यावर.

दादांनी काठी आडवी धरली. हौदावर मेंढरं सोडताना धरायचे, अगदी तशी.

"लेकुरवाळ्या आधी. बाकीच्यांनी मागं सरा."

मंगलबाई आमच्या शेजारच्या. तोंडाला बांध नाही. त्या म्हणाल्या, "का हो दादा, आम्ही काय मेंढरं हाय व्हय?"

"नाय बाई. मेंढरं भांडत नायती."

सगळी रांग हसली. हसली म्हणूनच थांबली.

दुसऱ्या दिवशी मंगलबाई नणंदेचं पोरगं कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढं.

दादांनी पोराकडं निरखून बघितलं. "हे कोकरू काल दुसऱ्या कळपात होतं."

त्यानंतर आमच्या गल्लीत पाण्यावरून भांडणं झाली नाहीत असं म्हणणार नाही. झाली, पण कमी झाली. आणि दादा दोन्ही उन्हाळे रांगेत उभे राहिले. गावाकडचे पाहुणे टिंगल करायचे, "म्हातारा बायकांत रमला." दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

छायाची हजेरी भरली. मार्कही आले. विद्यापीठात प्रवेश मिळाला त्या दिवशी दादा तिच्याबरोबर गेटपर्यंत गेले होते. आत चला म्हटलं तर म्हणाले, "माझं काय काम आत? तू जा. मी हितं सावलीला हाय."

मंगळवारी पहाटे झोपेतच गेले. आणि आज छायाचा पेपर.

काल रात्री भावकीनं सांगून टाकलं, दहा दिवस सुनांनी उंबरा ओलांडायचा नाही.

मी देव्हाऱ्याला हात लावलेला नाही, दिवाही लावलेला नाही. सुतक मी पाळतेच. पण परीक्षा म्हणजे काही पूजा नव्हे. सुतकात पेपर लिहू नये असं मी कुठल्या पोथीत वाचलेलं नाही. मी तसं बोललेही. पण माझ्या बोलण्यानं काय होतंय? शेवटचा शब्द सासूबाईंचा.

सकाळी छाया आवरायला उठलीच नाही. भिंतीकडं तोंड करून बसून राहिली.

सासूबाई चार दिवसांत कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या,
"त्यो माणूस दोन उन्हाळे बायकांत उभा राहिला. कशापायी? हिनं आज घरात बसावं म्हणून?"

मग त्या छायाकडं वळल्या.

"ऊठ गं छाया. पाहुणेरावळे बघायला मी हाय."

छाया गेली. संध्याकाळी आली, अंघोळ केली आणि सासूबाईंच्या शेजारी बसली.

"लिव्हलं का समदं?"

"एक प्रश्न राहिला, आई. वेळ पुरला नाय."

"मग पुढल्या पेपरला हात जरा उचल. कधी हाय त्यो?"

"सोमवारी."

सासूबाईंनी भावकीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सोमवारी बी जाणार हाय ती."

दादा, तुमच्या दोन्ही सुनांचा तुम्हाला अखेरचा रामराम. घरची काळजी करू नका.