बिजलीचा पान्हा आणि अनुजाचं जॅझ

माझी विद्यार्थिनी अनुजा पुण्यात जॅझ गाते. तिच्या घराण्यात चार पिढ्या गाणं आहे, पण ते म्हशींसाठी. वडील जोतीराम इकडे आमच्या शिवाजी पेठेत कट्ट्यावर गिऱ्हाइकांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. पिळताना 'हुरूरू बाबाबा' असं बिनअर्थाचं गायलं, की म्हैस पान्हा सोडते. अनुजा पुण्याला गेल्यापासून मात्र बिजली म्हैस जोतीरामांच्या गाण्याला दाद देईना.

"आज दूध न्हाय दिलं, तर पोरीला माघारी आणतो," परवा संध्याकाळी ते म्हणाले. त्याच वेळी अनुजा रेडिओवर गाणार होती. मी कट्ट्यावर रेडिओ लावला. पियानोच्या साथीनं तिनं तेच 'हुरूरू बाबाबा' आळवलं. बिजलीनं कान टवकारले आणि पान्हा सोडला. आमचे पेले भरू लागले. मध्येच जाहिरात लागली, तशी धार थांबली.

निवेदकानं विचारलं, "तुमचे गुरू?"

"आमचे आबा," अनुजा म्हणाली.

जोतीरामांनी डोळे पुसले. "गुरुजी, ऱ्हाऊ दे तिला पुण्यात," ते म्हणाले. "पर रेडिओवाल्यास्नी जाहिराती कमी करा म्हणावं की. म्हस आटती!"