क्लचसरांचा डावा पाय

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दोघं चालवत असतात, हे शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी कळत नाही. स्टीअरिंग त्याच्या हातात असतं खरं, पण शेजारच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो आणि त्यावर शिकवणाऱ्याचे पाय असतात. आमच्या सरांचं सगळं आयुष्य त्या शेजारच्या सीटवर गेलं. "अर्धा क्लच सोडा. अर्धा म्हटलं, सगळा नाही!" हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं की लोक त्यांना क्लचसरच म्हणायला लागले. खरं नाव उरलं ते फक्त विजेच्या बिलावर.

शाबासकी द्यायची नाही, हा सरांचा नियम. शिकणारा कितीही सफाईनं गाडी मागे घेवो, सर समोर बघत "हं" म्हणायचे. मात्र एखादा खरोखर तयार झाला की शिकवणी संपताना ते गाडीतून उतरायचे, दार लावायचे आणि खिडकीतून वाकून म्हणायचे, "उद्यापासून येऊ नका." बस्स, एवढंच. ज्यांना हे ठाऊक असे ते आनंदानं उड्या मारत घरी जायचे. ज्यांना ठाऊक नसे त्यांची पंचाईत व्हायची. दातांच्या एक डॉक्टरीणबाई तर "माझं काय चुकलं?" म्हणून रडतच ऑफिसात गेल्या होत्या.

पुढे मालकानं स्कूल बंद करून त्या जागेत मोबाइलचं दुकान काढलं आणि सर घरी बसले. घरी बसले ते सर. त्यांचे पाय काही बसले नाहीत. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की सरांचा उजवा पाय सोफ्यापुढच्या सतरंजीवर ब्रेक दाबायचा आणि डावा क्लच. सतरंजी त्या दोन जागी अशी झिजली की पाहुण्यांना वाटे, घरात उंदीर झालेत. बसमध्येही तेच. पुढच्या सीटवरच्या माणसानं मागे वळून बघितलं की सर खिडकीबाहेर बघायचे.

बायकोला मात्र सरांनी गाडी शिकवली नाही. तिनं विचारलं नव्हतं असं नाही. लेक शाळेत असताना एकदा विचारलं आणि सर तिला घेऊनही गेले. पण परक्या माणसाचं डोकं फुटलं तर फुटलं, ही तर घरची! सरांचा जीव असा टांगणीला लागला की तिनं ॲक्सिलरेटरला पाय लावला रे लावला, की यांचा ब्रेक खाली. गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही. बायको उतरली, "राहू दे," म्हणाली आणि कामाला लागली. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. सरांना वाटलं, तिची हौस फिटली.

तर अशा या घरात लेकीनं नवी गाडी आणली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी येणार. सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"अगं, हिचा क्लच कुठाय?"

"नाहीये बाबा. ऑटोमॅटिक आहे."

"आणि गिअर?"

लेकीनं वाटीच्या तोंडाएवढं एक गोल बटण दाखवलं. सरांचं तोंड असं झालं की जणू कुणीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत पोहणाऱ्याचे पाय काढून घेतलेत. त्यावर कडी म्हणजे गाडी बोलायची. आत एक बाई होती, दिसायची नाही, पण सगळं बघायची. "कृपया सीट बेल्ट लावा." "समोर वाहन आहे." "वेग कमी करा." सरांनी "हळू!" म्हणायला तोंड उघडावं तर बाई आधीच बोलून मोकळी.

"किती शांतपणे सांगते नाही?" बायको म्हणाली. "अंगावर वसकन येत नाही."

त्या न दिसणाऱ्या बाईशी सरांचं तेव्हापासून उभं वैर जडलं. ही गाडी आपण एकदा तरी चालवून दाखवायची, त्या बाईला एक अक्षर बोलायची संधी न देता, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. नाहीतर आपण आजवर शिकवलं ते काय?

काही महिन्यांनी संधी चालून आली. बायकोची मोठी बहीण पाय मोडून इस्पितळात होती, ती आपल्या घरी परतली. तिला भेटायला तिघं निघाली. वाटेत मोठा घाट. लेक चालवत होती, सर शेजारी, बायको मागे. घाटाच्या माथ्यावर चहा प्यायला थांबले. लेकीला फोटो काढायचा होता. ती एका दगडावर चढली, दगड हलला आणि उतरताना तिचा उजवा पाय असा मुरगळला की बघता बघता घोटा सुजला. ब्रेक दाबायचा तो पाय तिला जमिनीवरही टेकवेना.

लेकीच्या पायाचं सरांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण खोटं कशाला बोला, छातीत कुठेतरी बरंही वाटलं.

"काळजी करू नका. मी आहे ना," ते म्हणाले.

लेकीला मागे आडवं बसवलं, तिचा पाय आईच्या मांडीवर ठेवला. सर पुढे आले, ऐटीत दार उघडलं, बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि समोर बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "हं, चला. सुरू करा."

कुणीच काही केलं नाही. गाडी जागची हलली नाही. सरांनी शेजारी बघितलं. शेजारची सीट रिकामी होती. स्टीअरिंग तिकडे होतं.

मागून लेकीचा आवाज आला. ती पाय दुखतोय म्हणून कण्हत होती की हसू दाबत होती, ते सांगता येत नव्हतं. बायको खिडकीबाहेर बघत होती. सर मुकाट्यानं उतरले आणि पलीकडच्या दारानं आत आले.

बटण फिरवलं. ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी आपसूक हलली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं सरांचा डावा पाय क्लचवर गेला. क्लच नव्हताच. तिथे होता तो रुंद ब्रेक, आणि क्लच दाबायच्या जोरानं सरांनी तो तळापर्यंत दाबला. गाडी जागच्या जागी गपकन थांबली. सरांचं नाक स्टीअरिंगला लागता लागता राहिलं, मागे लेक किंचाळली.

"कृपया सावकाश चालवा," बाई म्हणाली.

"गप गं!" सर ओरडले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सरांनी डावा पाय उजव्या हातानं मागे ओढून सीटखाली कोंबला, तर तो कुणी न बोलावता पुन्हा पुढे आला. चहावाला टपरीतून बाहेर येऊन बघायला लागला. सरांच्या शर्टाची पाठ घामानं भिजली. पुढे घाटाचा उतार, एका अंगाला दरी, आणि गाडीत आपली बायको, आपली लेक. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाला आता आपल्या पायाचा भरवसा उरला नव्हता. त्यांनी गाडी बंद केली आणि तसेच बसून राहिले.

"सरका," बायको म्हणाली.

"काय?"

"सरका. त्या बाजूला बसा. मी घेते."

तिनं लेकीचा पाय उशीवर ठेवला, पर्समधून लायसन्स काढून सरांच्या हातात दिलं. फोटोत ती अगदी गंभीर दिसत होती.

"हे कधी?"

"दुपारी तुम्ही झोपता तेव्हा. ही यायची ना, तेव्हा मागच्या मैदानावर न्यायची मला. ती गेली की मी शेजारणीची गाडी घ्यायचे."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर अजून फाटकातच असते," बायको म्हणाली आणि सीट पुढे ओढून घेतली.

सर आपल्या सीटवर जाऊन बसले. बायकोनं आरसे बघितले, मागे बघितलं आणि गाडी काढली. पहिल्या वळणाला सरांचे दोन्ही पाय खाली दाबले गेले. दुसऱ्या वळणाला तर पायाखालची चटई गोळा झाली.

"अहो, पाय वर घ्या," बायको रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "माझं लक्ष जातंय."

सरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. आता दाबायला काहीच उरलं नाही. मग त्यांनी बाजूला बघितलं. दरी हिरवीगार होती, खाली नदी होती, नदीवर छोटा पूल होता. या घाटातून ते किती शिकाऊ लोकांना घेऊन आले होते, पण हा पूल त्यांनी कधी बघितलाच नव्हता. त्यांनी मग बायकोकडे बघितलं. ती वळणाच्या आधी वेग कमी करत होती, वळणात नाही. समोरच्या ट्रकला आधी जाऊ देत होती. सगळं अगदी सर सांगायचे तसं, आणि सरांनी तर तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती मात्र इतकी वर्षं रात्रीच्या जेवणाला सरांची गाऱ्हाणी ऐकत होती, आज कोण वळणात ब्रेक मारत होतं आणि कोण मधे घुसत होतं. घाट संपेपर्यंत ती गाडीतली बाई एक अक्षर बोलली नाही.

बहिणीच्या घरापुढची जागा अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी मोटरसायकल. सरांनी श्वास रोखला. बायकोनं एकदाच मागे बघितलं आणि एका दमात गाडी आत घालून बंद केली.

सर उतरले. चपला घातल्या. दार लावलं. मग गाडीला वळसा घालून ते बायकोच्या खिडकीशी आले आणि वाकले.

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले.

बायकोचे हात स्टीअरिंगवर तसेच राहिले. इतकी वर्षं ही गोष्ट ती लोकांच्या तोंडून ऐकत आली होती, कोण हसलं, कोण रडलं. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"बरं, सर," ती म्हणाली. त्यांना ती कधीच सर म्हणाली नव्हती.

दोघं एकमेकांकडे बघत तशीच राहिली, तेवढ्यात मागच्या सीटवरून लेक ओरडली, "अहो सर! अहो मॅडम! माझा पाय! मला कुणी उतरवणार आहे का इथून?"