गोलकीपरच्या घरी न गेलेला कप

रविवार, ३० नोव्हेंबर. सकाळी साडेनऊ, माझ्या बियाण्यांच्या दुकानामागची खोली, मलकापूर. हजर: फुटबॉल क्लबचा सचिव म्हणून मी, आमचे प्रशिक्षक, कप्तान, गोलकीपर आणि स्पर्धेच्या आयोजकांकडून कप परत न्यायला आलेले एक गृहस्थ. गैरहजर: बाकीची टीम, कापूस वेचणीमुळे.

कप टेबलावर होता. जानेवारीत आम्ही तो जिंकला, तेव्हा ठरल्याप्रमाणे मी यादी केली होती. आमच्या क्लबात कप कपाटात ठेवत नाहीत. तो मुख्य संघातल्या प्रत्येक खेळाडूच्या घरी महिनाभर राहायला जातो. घरचे त्याला हळदकुंकू लावतात, त्यात पेढे ठेवतात, शेजारीपाजारी बघून जातात. अकरा खेळाडू, अकरा महिने, फेब्रुवारी ते डिसेंबर. शेवटचं नाव गोलकीपरचं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, कारण आमच्याकडे गोलकीपर सगळ्यातच शेवटी असतो. गाडीत शेवटी चढतो, कुणाचं काही राहिलं का ते बघतो, पंगतीतही शेवटी बसतो. मी सवयीनं त्याच्यापुढे डिसेंबर लिहिला.

दरवर्षी जानेवारीत होणारी स्पर्धा यंदा मैदान मिळत नाही म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. म्हणून कप नोव्हेंबरअखेर परत.

कप्तान गोलकीपरला म्हणाला, "तुह्याच नशिबात नव्हता बे."

"असू दे. पुढच्या रविवारी जिंकाले सुरुवात करू, मंग घरी नेऊ," तो हसून म्हणाला. "मायनं कोनाडा झाडून ठेवला आहे. तिच्या डोळ्यानं दिसते तोवर न्या लागते."

त्याच्या आईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याचं घर माझ्या दुकानापासून मोटारसायकलवर दहा मिनिटं. कप समोर, माणूस समोर. मी आयोजकांच्या गृहस्थांची सही घेतली, कप वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यांच्या हातात दिला आणि दिवसाच्या कामांच्या यादीत 'कप परत' या ओळीवर खूण केली. "अर्धा तास थांबा" एवढं म्हणायचं मला सुचलं नाही.

ते गेल्यावर दुसरा विषय. रविवारी कपचा पहिला सामना, बुधवारी विभागीय लीगचा. लीगमध्ये आम्ही दोन वर्षांपूर्वी शिरलो. प्रशिक्षकही तेव्हाच आले. अभ्यासू माणूस. त्यांनी समजावलं की लीगमध्ये वर राहिलो तर पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळता येईल, क्लब टिकेल. कपात एका दुपारी सगळं संपू शकतं. मोठमोठे क्लबही कपात दुसरी फळीच उतरवतात, टीव्हीवर बघा. म्हणून रविवारी मुख्य पाच जणांना विश्रांती द्यायची. मला पटलं. नावं मीच लिहिली. पहिलं नाव गोलकीपरचं.

"भाऊ, मले काऊन काढलं?"

"काढलं नाही रे, जपलं. बुधवारी तू लागतोस."

"मले जपता, मंग कप कोण जपन?"

कप्तान हसला. मीही हसलो, आणि यादी प्रशिक्षकांकडे दिली.

रविवारी आम्ही एका गोलनं हरलो. उंच आलेला साधा चेंडू दुसऱ्या गोलकीपरच्या हातून निसटला. त्याला मी दोष देत नाही, वर्षभरात त्याला दोनच सामने मिळाले होते. आमचा गोलकीपर राखीव बाकावर हातमोजे घालून बसला होता. सामना संपल्यावर त्यानं त्या दुसऱ्याला उठवलं, पाणी दिलं. गाडीत नेहमीप्रमाणे शेवटी चढला, राहिलेल्या बाटल्या गोळा करून.

बुधवारी तो लीगमध्ये खेळला. सामना बरोबरीत सुटला. आम्ही चौथे होतो, चौथेच राहिलो. तक्ता मी फाइलीत लावला. तो बघायला अजून कुणी आलेलं नाही.

पुढे कप देऊळगाव राजाच्या टीमनं जिंकला. त्यानंतरच्या आठवड्यात मी गोलकीपरच्या घरी गेलो. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर होता. आई दारात बसली होती, तिनं मला आवाजावरून ओळखलं.

"भाऊ आले का? आणला?"

"नाही मावशी. यंदा हरलो."

"पोरगा सांगे ना. मी इचारलं, तुह्या हातून गेला का रे? तं म्हने, हाव, माह्याच हातून गेला."

तिनं मला आत बोलावलं. बुद्धमूर्तीच्या शेजारचा कोनाडा मोकळा होता, त्यात पांढरा रुमाल अंथरलेला. घडीच्या रेषा अजून दिसत होत्या.

"आता मले खिडकीतला उजेड तेवढा दिसते बाप्पा. कप चमकते ना?"

"हाव मावशी. चांगला चमकते."

"मंग दिसन. आना लवकर."

मुलगा त्या सामन्यात मैदानावर उतरलाच नव्हता, आणि त्याला मी बसवलं होतं, हे तिला सांगण्यासाठीच मी गेलो होतो. चहा घेऊन परत आलो.

देऊळगाव राजाचे सचिव ओळखीचे आहेत. एका दिवसासाठी कप मागितला तर नाही म्हणणार नाहीत. एक दिवस मोटारसायकलवर जाऊन आणायचा, दुसऱ्या दिवशी परत द्यायचा, एवढंच काम. पण ते विचारतील, कशासाठी? आणि मग सुरुवात त्या रविवारच्या यादीपासून करावी लागेल. रोज सकाळी दुकान उघडलं की दिवसाची कामं लिहितो. बियाण्यांची मागणी, बँक, क्लबचे बूट दुरुस्तीला. सगळ्यांवर संध्याकाळपर्यंत खूण होते. देऊळगाव राजाला फोन, ही ओळ मी रोज नव्या पानावर उतरवतो. आजही उतरवली आहे.