देव खळ्यात आला
परवा कुठूनसा ब्रह्मकमळाचा वास आला आणि मिठबावच्या घरापुढचं आमचं खळं, म्हणजे अंगण, आठवलं. माझं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हा आई विषमज्वराने अंथरुणाला खिळली. सासूबाई उठल्या तर माहेरून आणून लावलेल्या ब्रह्मकमळाचं पहिलं फूल देवाला वाहीन, असा नवस माझी पत्नी बोलली. आई बरी झाली, पण कळी यायला पुढे दोन पावसाळे गेले. मग एका रात्री जेवणं झाल्यावर ती उमलू लागली. समुद्राची गाज ऐकू येत होती आणि काळोखात पांढऱ्या पाकळ्या सावकाश सुटत होत्या. पत्नीने हात पुढे केला, तशी आई म्हणाली, "तिन्हीसांज झाल्यार झाडाक हात लावतत काय गो? झाड निजला." सकाळपर्यंत तर फूल मान टाकणार. पत्नीचे डोळे भरून आले. पायरीवर बसलेली, मासे विकणारी आमची शेजारीण हसली, "फूल देवाकडे जाऊचा नाय, तर देवाक हंय हाडा! तुमच्या देवाचे काय पाय दुखतत?" आई चिडेल असं वाटलं, पण ती आत गेली आणि ताम्हणात बाळकृष्ण घेऊन, त्याच्यावर पदर धरून बाहेर आली. "दव पडता," एवढंच म्हणाली. उमललेल्या फुलाखाली ताम्हण ठेवून तिने सुनेला शेजारी बसवलं, "फिटलो गो तुझो नवस." फूल मिटेपर्यंत दोघी तिथेच होत्या. मी नवस मानणारा नाही. पण त्या दोघींना इतकं जवळ बसलेलं मी त्याआधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.